विमान आणि वही



एकदा नववीच्या वर्गात मी कॅप्टन अमोल यादव यांची हकीकत सांगत होतो. मुंबईत कांदिवलीजवळ चारकोप येथे एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर या मराठी वैमानिकाने सहा आसनांचे विमान बांधले. कारखान्यात नाही, घराच्या गच्चीवर! फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया' हे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा विमानाचे भाग सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले. हकीकत संपते न संपते तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, किती तास लागले?"

"सहा वर्षे," मी म्हणालो.

"वर्षे नाही सर, तास."

मला उत्तर देता आले नाही. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला आणि जाहीर केले, "बावन्न हजार पाचशे साठ!" सहा गुणिले तीनशे पासष्ट गुणिले चोवीस. गुणाकार बिनचूक होता. पण पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "म्हणजे ते सहा वर्षे झोपलेच नाहीत का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मात्र घरी जाताना त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. 'किती तास?' हा प्रश्न पोरकट नाही. विमान बांधणाऱ्या माणसाला विचारण्यासारखा तोच खरा प्रश्न आहे, असे आता माझे मत झाले आहे. ते मत तुमच्यापुढे मांडतो. पटले तर घ्या, नाहीतर वर्गात माझ्याशी भांडा.

वर्षे मोजायला काहीच लागत नाही. आपण झोपलो तरी भिंतीवरचे कॅलेंडर पुढे सरकत असते. तास मात्र हातांचा असतो. यादव त्या काळात एका विमान कंपनीत नोकरी करत होते, प्रवासी विमाने चालवत होते. गच्चीवरचे काम नोकरीतून उरलेल्या वेळात व्हायचे. 'सहा वर्षांत विमान बांधले' हे वाक्य वर्तमानपत्रात छान दिसते, पण त्यातून कामाचे माप कळत नाही. शेजारी म्हणतो, "आमचे घर तीन वर्षे बांधत होतो." त्यातली अडीच वर्षे विटा नुसत्याच अंगणात पडून असतात, हे तुम्ही आपल्या गावात पाहिलेच असेल.

अमेरिकेत घरच्या घरी विमान बांधण्याचा छंद बराच जुना आहे. अशा हौशी लोकांची एक मोठी संघटना तिथे १९५३ साली स्थापन झाली. हजारो विमाने लोकांनी आपल्या गॅरेजमध्ये, शेतावरच्या गोठ्यात बांधली आणि उडवली. तिथला नियम असा आहे की, विमानाचे अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेले असावे. ते तसे केले हे दाखवायचे कसे? म्हणून हे लोक वही ठेवतात. आज कोणता भाग बनवला, कोणी बनवला, सोबत छायाचित्र. बहुतेक जण त्यापुढे तासही लिहितात. गंमत अशी की, सरकार तास विचारत नाही. सरकार विचारते, काम कोणी केले. तासांचा रकाना बांधणारा स्वतःसाठीच वाढवतो.

तास किती होतात? तयार भागांचा संच विकत आणला तरी ते हजारांच्या घरात जातात. समजा, दोन हजार. आता आपण गणित करू. नोकरी-धंदा सांभाळून माणूस रोज दोन तास आणि आठवड्यातून सहा दिवस काम करतो. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत त्याचे ६२४ तास होतात. म्हणजे दोन हजार तासांना तीन वर्षांहून जास्त काळ लागेल, तोही एक दिवस आजारी न पडता, एकाही लग्नाला न जाता. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हे कोणाला जमेल, सांगा बरे!

आता मुख्य प्रश्न. वहीत कोणता तास लिहायचा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. धातूच्या विमानात हजारो रिव्हेट असतात. रिव्हेट म्हणजे दोन पत्रे कायमचे जोडणारा बिनआट्यांचा खिळा. आधी भोक पाडायचे, भोकाची धार घासून काढायची, पत्र्याला गंज लागू नये म्हणून रंगाचा हात द्यायचा, मग रिव्हेट ठोकायचा. तो वाकडा बसला तर त्याचे डोके ड्रिलने पोखरून काढायचे, आणि भोक मोठे होऊ न देता पुन्हा नवा ठोकायचा. संध्याकाळी दोन तास ठोकलेले रिव्हेट दुसऱ्या संध्याकाळी तपासताना वाईट निघाले आणि काढण्यात आणखी दोन तास गेले, तर वहीत काय लिहाल? चार तास? दोन? की शून्य, कारण विमान होते तिथेच आहे?

माझे मत असे की चार लिहावेत, आणि दोन रकान्यांत लिहावेत. एक रकाना जोडण्याचा, दुसरा मोडण्याचा. मोडण्याचा रकाना लपवणारा माणूस स्वतःला फसवतो. पुढच्या वेळी तेच काम करताना 'मागच्या वेळी दोनच तास लागले होते' असे तो म्हणतो, घाई करतो, आणि पुन्हा वाकडा रिव्हेट ठोकतो.

बरे, ही हिशेबाची भाषा तुम्हाला परकी नाही. मराठी पुस्तक उघडले की काही जणांच्या कपाळावर आठ्या पडतात. पण हिशेब, तारीख, जमा, खर्च, बाकी, दप्तर हे सगळे शब्द मराठीने फारसी-अरबीतून घेतले आणि तुमच्या घरात ते रोज बोलले जातात. उच्चार थोडा बदलला आहे, इतकेच. जमाखर्चाची वही ठेवायची तर मराठीतल्या निम्म्या शब्दांची तयारी तुमची आधीच झालेली आहे!

माझ्या मताला माझ्या एका सहकाऱ्याने विरोध केला. तो म्हणाला, "ज्याला कामात आनंद आहे तो घड्याळाकडे बघत नाही. तास मोजणे हे रोजंदारीच्या मजुराचे काम. कारागीर मोजत नाही." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. वसमतमध्ये माझ्या ओळखीचे एक वेल्डर आहेत. हळद शिजवण्याचे कुकर आणि हळद घासण्याचे ड्रम बनवण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. त्यांना मी विचारले, "चाचा, एका ड्रमला किती तास लागतात?" ते म्हणाले, "काढणीच्या दिवसांत दोन दिवस, इतर वेळी आठवडा." त्यांच्याकडे वही नाही. तरी त्यांचा ड्रम वर्षानुवर्षे फिरतो.

पण थोडे थांबा. चाचांनी एकसारखे शेकडो ड्रम बनवले आहेत. त्यांची वही त्यांच्या बोटांत आहे. घरी विमान बांधणारा माणूस बहुधा आयुष्यात एकच विमान बांधतो. त्याचा प्रत्येक भाग पहिलाच असतो. आणि ड्रमचा जोड सुटला तर हळद सांडते, विमानाचा जोड सुटला तर काय होईल ते मी लिहायला नको. ज्याच्या बोटांना सवय नाही त्याने कागदाची मदत घ्यावी, यात कमीपणा कसला?

एक गोष्ट मात्र सहकाऱ्याची मला पूर्ण मान्य आहे. तासांचा अभिमान बाळगू नये. 'माझे तीन हजार तास झाले' असे सांगणारा दोन हजार तासवाल्यापेक्षा मोठा कारागीर ठरत नाही. कदाचित त्याने जास्त चुका केल्या असतील. कदाचित तो शेजाऱ्याशी गप्पा मारताना घड्याळ बंद करायला विसरला असेल. तास म्हणजे गुण नव्हेत. तुमच्यातले काही जण "मी मगरीबनंतर चार तास अभ्यास केला" असे सांगतात, तेव्हा मी विचारतो, "उदाहरणे किती सोडवली?" मग ते गप्प होतात.

आता तुम्हाला एका नोंदीची गोष्ट सांगतो. राइट बंधू तुम्हाला विज्ञानाच्या पुस्तकातून माहीत आहेत. त्यांचा सायकलींचा धंदा होता. दुकान सांभाळून त्यांनी १८९९ ते १९०३ अशी चार वर्षे विमानाचा ध्यास घेतला. १९०१ मध्ये त्यांनी लाकडी पेटीत वारा सोडून पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने तपासले आणि प्रत्येकाचे आकडे लिहून ठेवले. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किटी हॉक गावाजवळच्या वाळूत त्यांचे यंत्र उडाले. विमानावर त्यांनी वेळ मोजणारे घड्याळ बसवले होते. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्रही होते. पहिले उड्डाण सुमारे बारा सेकंदांचे, १२० फुटांचे. त्या दिवशी एकूण चार उड्डाणे झाली आणि चौथे ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे झाले. थोड्याच वेळात जोराच्या वाऱ्याने विमान उलटून मोडले. ते पुन्हा कधीही उडाले नाही. चार वर्षांचे काम आणि हवेतला सगळा वेळ दोन मिनिटांच्याही आत!

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. ऑरव्हिल राइटने आपल्या रोजनिशीत पहिल्या उड्डाणाची वेळ 'सुमारे' बारा सेकंद अशी लिहिली. आणि पुढे हेही नोंदवले की घड्याळ वेळेवर बंद झाले नाही, त्यामुळे अचूक आकडा माहीत नाही. मित्रांनो, जरा विचार करा. ज्या क्षणाची माणूस हजारो वर्षे वाट पाहत होता तो क्षण येऊन गेला आहे. 'बारा' असे ठोकून लिहिले असते तर जगात कोणी विचारणार नव्हते. तरी त्याने 'सुमारे' हा शब्द लिहिला. त्या एका शब्दामुळे त्याच्या ५९ सेकंदांवर माझा विश्वास बसतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. शिवकर बापूजी तळपदे नावाच्या मुंबईच्या गृहस्थांनी १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, चौपाटीवर विमान उडवले असे सांगितले जाते. तुम्हीही ते ऐकले असेल. २०१५ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही आला. हे खरे ठरले असते तर मला मनापासून आनंद झाला असता. आपला माणूस आहे! पण त्या उड्डाणाची तपासून पाहता येईल अशी नोंद पुढे आलेली नाही. किती सेकंद, किती फूट, कोणते इंजिन, काहीच नाही. विमानाच्या ज्या संस्कृत ग्रंथाशी त्यांचे नाव जोडले जाते, त्यातील विमानांच्या रचना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ साली तपासल्या आणि त्या उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. तळपदे यांनी काहीतरी धडपड केली असेल. कदाचित फार मोठी केली असेल. पण तिचे माप घेण्याचे साधन आपल्या हाती उरलेले नाही. सव्वाशे वर्षांनंतर एका बाजूला घड्याळाचा दोषही कबूल करणारी रोजनिशी आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसती कहाणी आहे. मला याचे दुःख होते.

तुम्ही म्हणाल, सर मोठे प्रामाणिक आहेत. म्हणून माझीही एक गोष्ट सांगून टाकतो. मी बी.एड. करत होतो तेव्हा सोबतच्या विद्यार्थ्यांचे सराव पाठ बघून निरीक्षण वही लिहावी लागे. पाठ कधी सुरू झाला, कधी संपला, शिक्षकाने काय केले, काय चुकले. मी काही पाठ पाहिले, काही पाहिले नाहीत. वही देण्याच्या आदल्या रात्री मी एका बैठकीत राहिलेली सगळी निरीक्षणे लिहून काढली. शाई बदलली, कुठे मुद्दाम खाडाखोड केली. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंनी वही चाळली. एका पानावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "या दिवशी रविवार होता." दुसरे काही बोलल्या नाहीत. पुढे म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते! त्या वहीत मी खरोखर पाहिलेले अकरा पाठ होते. त्या एका रविवारने ते अकराही खोटे पडले.

म्हणून मी सांगतो, तास त्याच दिवशी लिहावा. आठवड्याने लिहिलेला तास गोल होतो. सव्वा तासाचा दीड, दीडचे दोन. आणि पोकळ दिवस आपोआप भरले जातात, अगदी माझ्या रविवारसारखे. माझ्या वहीने कोणाचे काही बिघडले नाही. विमानाचे तसे नाही. नवे विमान तयार झाले की लगेच कोणाला बसवून नेता येत नाही. अमेरिकेत असे विमान आधी साधारण पंचवीस किंवा चाळीस तास प्रवासी न बसवता उडवून पाहण्याची पद्धत आहे. समजा, एखाद्याने वहीवर चाळीस लिहिले आणि आकाशात तीसच काढले, तर उरलेले दहा तास कोणाच्या अंगावर येतील? एकेचाळिसाव्या तासाला शेजारी बसलेल्या त्याच्या मुलीच्या.

आणखी एक बोलायचे राहिले. रिव्हेट ठोकायला पुष्कळदा दोन माणसे लागतात. एकजण बाहेरून हातोडीचे यंत्र धरतो, दुसरा आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ठोकळा धरणारा हलला तर रिव्हेट वाया. हा ठोकळा कोण धरतो? बायको, भाऊ, शाळेतून आलेला मुलगा. वहीत मात्र दोन तास एकाच नावावर पडतात. हे मला पटत नाही. दोन माणसांचे दोन तास म्हणजे चार तास होतात. यादव यांचे एकत्र कुटुंब १९ माणसांचे आहे असे वर्तमानपत्रांत आले होते. एवढ्या माणसांच्या घरात गच्चीवर विमान उभे राहते, तेव्हा जिन्यावरून चहा घेऊन जाणाऱ्याचेही काही तास त्यात जातच असणार. माझी आई रजया शिवायची तेव्हा कापडाचे दुसरे टोक आम्ही भावंडे ताणून धरत असू. रजई मात्र आईचीच म्हटली जाई. आम्हाला त्याचे वाईट वाटत नसे, पण आता हिशेब करायला बसलो आहे तर तेही टोक लिहिले पाहिजे.

मग वाट पाहण्याच्या काळाचे काय? यादव यांचे विमान लोकांनी २०१६ मध्ये पाहिले. त्याची सरकारी नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. उडवण्याचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी-उड्डाणांचा पहिला टप्पा झाला. विमान तयार झाल्यावरही चार वर्षे गेली. शिवाय हे त्यांचे तिसरे विमान. आधीच्या दोन प्रयत्नांचे तास कुठे जमा करायचे? मी तर तेही याच विमानाच्या खात्यावर टाकीन. कागदांसाठी फेऱ्या मारण्याचे तास मात्र वेगळ्या पानावर लिहीन. ते विमान बांधण्याचे तास नव्हेत. पण ते पान फाडूनही टाकणार नाही. उद्या वसमतचा किंवा कळमनुरीचा एखादा मुलगा हे काम हाती घेईल, तेव्हा पत्रा कापायला किती वेळ लागतो याइतकेच त्याला हेही कळायला हवे.

ज्या मुलाने 'वर्षे नाही सर, तास' म्हणून मला अडवले होते, तो आता थर्माकोल आणि बांबूच्या कामट्यांचे ग्लायडर बनवत आहे. पंखांची लांबी चार फूट. मी त्याला शंभर पानी वही दिली आणि फक्त तारीख, वेळ आणि काम एवढेच लिहायला सांगितले. मराठीत. परवा त्याने ती मला दाखवायला आणली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी लाल पेन काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. शेवटच्या तीन नोंदी मी इथे उतरवून देतो. चुका तेवढ्या दुरुस्त केल्या आहेत.

"सोमवार. दीड तास. डावा पंख चिकटवला. बहिणीने धरला, तिचाही दीड तास.

मंगळवार. एक तास. डावा पंख वाकडा आहे. काढला.

बुधवार. वीज नव्हती. काही केले नाही."